गाळाखालचं जोतं

काठीचं टोक गाळात शिरलं आणि शिरतच गेलं. दगड लागला नाही. गेणभाऊंनी काठी उपसली, हातभर पलीकडे पुन्हा रोवली, आणि तिथेही ती तशीच मुकाट आत गेली, तेव्हा त्यांना सावळेरामचं पत्र आठवलं.

आठवलं म्हणायचं ते आपलं म्हणायला. विसरलं ते कधीच नव्हतं. गेल्या वैशाखात आलेलं ते आंतर्देशीय घरातल्या कोनाड्यात, एसटीच्या जुन्या तिकीटपेटीखाली पडून होतं. गेणभाऊ ते काढायचे, वाचायचे, परत पेटीखाली सारायचे. उत्तरासाठी म्हणून आणलेलं कोरं आंतर्देशीयही त्याच्याच शेजारी होतं. वर्ष झालं, एक आख्खा पावसाळा मध्ये गेला, आणि सावळेरामचं दुसरं पत्र आलं नाही. त्याचा अर्थ काय, या विचाराशी आले की गेणभाऊ उठून अंगणात जायचे.

"लागला का दगूड?" वरून त्यांच्या बायकोनं, सखूबाईनं विचारलं. ती कोरड्या जमिनीच्या कडेला उभी होती. हातात शेणकाल्याची बादली, काखेत सरपणाची लहानशी मोळी, पायाशी भिजवलेल्या तांदळाचं पातेलं.

"लागंल. मी जरा अलीकडं आलोय वाटतं."

"अलीकडं न्हाई अन् पलीकडं न्हाई. चिच्चंच्या खोडापासनं सरळ. तितंच हाय आपलं घर. मला काय दिसंना झालंय व्हय?"

चिंचेचं खोड तेवढं दिसत होतं. काळं, तासल्यासारखं. पूर्वी पाणी उतरलं की ते पुरुषभर उंच उभं असायचं आणि पोरं त्यावर चढायची. आता ते वीतभरच वर राहिलं होतं.

डिंभ्याच्या धरणात जुनं गाव गेलं तेव्हापासून दर उन्हाळ्याला हे चालत आलं होतं. पावसाळ्यात धरण भरायचं, मग कालवे सुटायचे, आणि वैशाखात पाणी इतकं उतरायचं की गावाचे अवशेष वर यायचे. मारुतीचा पार, आडाचा काठ, घरांची जोती. मग ज्याची त्याची माणसं खाली जायची. आपलं जोतं शोधायचं, शेणानं सारवायचं, तीन दगड मांडून चूल पेटवायची, नव्या तांदळाचा भात शिजवून पहिला घास उंबऱ्याच्या जागी ठेवायचा. हे कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पोथीत नव्हतं. पहिल्या वर्षी एका म्हातारीनं केलं, दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी. पुढे म्हातारी माणसं गेली, पोरं पुण्याला गेली, आणि आता सारवायला येणारी ही दोघंच उरली होती.

पाण्याच्या कडेनं दादाभाऊ होडी ओढत आला. तो गेणभाऊंच्या चुलतभावाचा मुलगा. धरणात जाळी टाकायचा आणि मासळी घोडेगावच्या बाजारात न्यायचा.

"काय तात्या, घर हरावलं का?" तो म्हणाला. "कंप्लेंट द्या पोलिसात. न्हाईतर मागल्या वर्सीच मोबाईलमंदी लोकेशन टाकून ठिवायचं व्हतं."

"तू गप रं," सखूबाई म्हणाली. "त्यो बांबू दे हिकडं."

होडी रेटायचा लांब बांबू घेऊन दादाभाऊ गाळात उतरला. गुडघ्यापर्यंत रुतला. खोडापासून पावलं टाकत आला आणि दोन्ही हातांनी जोर करून त्यानं बांबू दाबला. बांबू गेला, गेला, त्याच्या मुठी चिखलाला टेकल्या.

तिघंही ऐकत होती. ठक्क असा आवाज यायचा, तो आला नाही.

"डोंगर आलाय तात्या खाली," दादाभाऊ बांबू उपसत म्हणाला. "मागल्या साली पाऊस कसा झाला, बघितला न्हवं? पयला चार म्हयने पडायचा. आता चार दिसात पडतोय अन् डोंगराची सालटी काढून आनतोय. समदा गाळ हितं बसलाय. दगडाबिगडाचं इसरा आता. गाळपेर करा, लई भारी माती हाय. कांदा असला यील, असला यील."

सखूबाईनं मोळी खाली ठेवली. तिनं पदर खोचला, बादली उचलली आणि सरळ गाळात उतरली.

*

गेणभाऊंची उमेदीची वर्षं कोकणात गेली. कोकणातल्या एका डेपोत ते कंडक्टर होते. स्वभाव हा असा. सुटे पैसे मागायचे तरी आवाज फुटायचा नाही. गाडीत गर्दी नसली की मागच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचे. खारशेतची मुक्कामी गाडी कुणाला नको असायची. खाडीच्या टोकाला डास, खारा वारा आणि झोपायला गाडीचं बाक. ती गाडी गेणभाऊंनी मागून घेतली, कारण तिथे कुणाशी बोलावं लागणार नव्हतं.

पण खारशेतला सावळेराम होता. त्यानं पहिल्याच रात्री गाडीत डोकं घालून सांगितलं, "मास्तर, पडवी मोकळी हाय. हितं डास फोडून खातील." आणि पडवीत सावळेरामची बायको चांगुणा होती. तिनं भात वाढला, खेकड्याचं कालवण वाढलं आणि दोन घासांतच ओळखलं.

"काय ओ मास्तर, तिकीट मागताना पन लाजता नि भात मागताना पन लाजता. भाताला काय सुटे पैसे लागत नाय."

गेणभाऊ हसले होते. ते हसतात हे डेपोत कुणाला माहीत नव्हतं.

पहाटे ओहोटी असली की सावळेराम त्यांना खेकडे धरायला न्यायचा. घरामागे मातीचा बांध, बांधापलीकडे कांदळ. गेणभाऊंनी डोंगरातली झाडं पाहिली होती. ही झाडं निराळीच. चिखलात पाय फाकून उभी. चिखलातून वर आलेली त्यांची मुळं बोटांसारखी, श्वास घ्यायला वर आलेली. शेंगा झाडावरच रुजायच्या, आणि कोंब फुटलेली शेंग खाली पडली की भाल्यासारखी चिखलात उभी राहायची. "आईनं कडेवरनं उतरवलं की पोर चालायलाच लागतं," सावळेराम म्हणायचा. "मागं हाय तो बांध मानसांनी घातला. हा पुढचा देवानं घातला. मागचा दर साली फुटतो."

जुनं गाव पाण्यात गेलं त्या दिवशी गेणभाऊ खारशेतला होते. रजा नाकारली होती असं ते पुढे सांगायचे. खरं म्हणजे त्यांनी ती नीट मागितलीच नव्हती. घर हलवलं ते वडिलांनी आणि सखूबाईनं. नंतर कधीतरी चांगुणानं विचारलं, "मास्तर, तुमचं गाव बुडालं म्हनतात, खरं काय?" तेव्हा गेणभाऊंनी सांगितलं की हो, बुडालं, पण उन्हाळ्यात पाणी उतरतं, घर वर येतं, आम्ही जातो, सारवतो, चूल पेटवतो, उंबऱ्याला घास ठेवतो.

चांगुणाचा हात वाढता वाढता थांबला होता.

"म्हंजे गेलं नाय म्हना की. माहेरपनाला येतं."

हे तिचं वाक्य गेणभाऊंना इतकं आवडलं की पुढचं सांगायचं राहून गेलं. घर नव्हे, गुडघाभर दगड वर येतात. वडील तिथे आले की जोत्याकडे पाठ करून बसतात आणि भाताला हात लावत नाहीत. हे त्यांनी तिला सांगितलं नाही, आणि हळूहळू स्वतःलाही सांगायचं सोडून दिलं. पुढे त्यांची बदली झाली. निवृत्त होऊन ते डिंभ्याला आले. सावळेरामशी पत्रं चालू राहिली, कारण सावळेरामचे कान गेले होते आणि फोनवर त्याला काही ऐकू यायचं नाही, आणि चांगुणा फोनला हात लावायची नाही.

त्या पत्रात सावळेरामनं चौथी शिकलेल्या माणसाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

"कांदळ वाळले. समुद्र पूर्वीसारखा मागे जात नाही. ओहोटीला मुळं उघडी पडायची ती आता पाण्यातच राहतात आणि गुदमरतात. वर नदीला धरण झाल्यापासून खाडीत गाळ येत नाही. लाटा जुनी माती नेतात, नवी बसत नाही. झाडांना मागे सरायला जागा नाही, मागे आपलाच बांध आणि त्याच्या मागे डांबरी रस्ता. शेंगा पडतात त्या रुजत नाहीत, तरंगत जातात. उधाणाला पाणी ओटीवर येतं. विहीर खारी झाली. वर माळावर जागा दाखवली आहे. वाडी सगळी तयार आहे. ही तयार नाही. मुलगा सुरतेहून येऊन सांगून गेला, त्याचंही ऐकलं नाही. म्हणते, मास्तरांचं घर पाण्यात जातं आणि परत येतं, आपलंही येईल, मी हललेली नसले म्हणजे झालं. तुमचं ती ऐकेल. पावसाळ्याच्या आधी दोन ओळी लिहा. आणि तुम्ही उठलेली माणसं, तर हेही सांगा की उठताना काय न्यावं."

दोन ओळी. गेणभाऊंनी कितीदा तरी बसून पाहिलं. घर परत येतं, असं लिहिलं तर ती तिथेच बसून राहणार. परत येत नाही, असं लिहावं तर त्याच वैशाखात ते स्वतः जोतं सारवून आले होते. मग ते काय होतं? पुस्तकं वाचून माणसाला एवढंच येतं की लिहिलेल्या प्रत्येक ओळीत खोट दिसते. ते लिहायचे, खोडायचे, आणि वहीचा कागद फाडून चुलीत घालायचे.

सखूबाईनं एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं? पाणी उतरंल म्हनावं, धीर धरा."

"समुद्राचं पाणी आहे गं ते. ते उतरत नाही."

"न उतरनारं पाणी कुटं असतंय का?" सखूबाईनं खरोखरच आश्चर्यानं विचारलं होतं. तिनं समुद्र पाहिला नव्हता. तिनं पाहिलेलं सगळं पाणी वैशाखात उतरायचं.

*

सखूबाई खोडाजवळ पोचली तेव्हा मांडीपर्यंत रुतली होती. "काकू, बस झालं," असं म्हणत दादाभाऊ पुढे झाला, तर तिनं त्याला हातानं अडवलं. मग बादली कलंडून तिनं शेणकाला गाळावर ओतला आणि वाकून हात फिरवायला लागली.

गेणभाऊ काठी हातात धरून बघत राहिले. पहिला हात फिरला तेवढ्यापुरतं शेण दिसलं. दुसऱ्या हाताबरोबर गाळ वर आला. ती उजवीकडून डावीकडे घेत होती, जशी घरात घ्यायची, कोपऱ्यापासून दाराकडे. पण खाली टणक काहीच नव्हतं. हात आत जायचा, बाहेर यायचा, आणि सारवण कुठे संपलं आणि गाळ कुठे सुरू झाला हे कळायचंच बंद झालं. थोड्या वेळानं तिचा हात नुसताच चिखलात फिरत राहिला.

दादाभाऊला आता विनोद सुचत नव्हता. त्यानं बांबू होडीत ठेवला आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

"अवो," सखूबाई वाकलेलीच म्हणाली, "उंबरा कुटं धरायचा मी?"

गेणभाऊंनी खोडाकडे पाहिलं. त्यांना दिसत होतं ते दुसरंच घर. ओटीवर बसलेली चांगुणा, पुढे वाळलेले कांदळ, पायाखालून निसटत चाललेली माती. तिथली नदी निराळी, इथली निराळी. इथलं पाणी पूर्वेला जातं, खारशेतला त्याचा एक थेंब पोचत नाही. तरी त्यांना वाटलं, तिच्या झाडांना जी माती मिळाली नाही ती अशीच कुठल्या तरी धरणात, कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसली असणार.

पाणी उतरलं होतं. घर आलं नव्हतं.

दादाभाऊनं हात देऊन सखूबाईला बाहेर काढलं. चूल मांडायला कोरडी जागा होती, पण मोळी तिनं सोडलीच नाही. भिजवलेले तांदूळ तिनं दादाभाऊच्या डब्यात ओतले. "पोरांना घाल शिजवून," म्हणाली. चढ चढताना ती एकदाच बोलली.

"म्होरल्या वर्सी कशाला यायचं आता?"

*

घरी आल्यावर सखूबाई गोठ्यापाशी हातपाय धूत बसली. गोठ्याच्या भिंतीला सागाची एक चौकट टेकून उभी होती. जुन्या घराची. वडिलांनी ती उखडून बैलगाडीत घालून आणली होती. नव्या गावठाणातलं घर पत्र्याचं आणि दार बुटकं. चौकट कुठेच बसली नाही. तेव्हापासून ती गोठ्यात होती आणि शेळ्या तिला अंग घासायच्या. तिच्या एका बाजूची नक्षी घासून गुळगुळीत झाली होती.

गेणभाऊंनी कोनाड्यातून दोन्ही आंतर्देशीयं काढली आणि ओसरीवर बसले. सावळेरामचं पत्र त्यांनी यावेळी वाचलं नाही. कोऱ्यावर लिहायला सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला त्यांना कळलं की वर्षभर आपण चुकीच्या माणसाला लिहायला बसत होतो. सावळेरामला काही समजवायचं नव्हतंच.

"चांगुणावहिनींना मास्तरांचा नमस्कार.

आज जोतं सारवायला गेलो होतो. पाणी उतरलं, पण घर आलं नाही. गाळाखाली गेलं. यापूर्वी येत होतं तेही घर नव्हतं, नुसते दगड होते. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. माझे वडील तिथे येऊन कधी जेवले नाहीत. तुमच्याकडचं पाणी तर उतरणारंही नाही. तुम्ही माळावर जा."

इथे ते थांबले. नेहमीसारखी प्रत्येक ओळीत खोट दिसायला लागली होती. 'जा' हा शब्द तर फारच कोरडा दिसत होता. त्यांनी पेन वर धरला.

"काय लिवलं?" सखूबाई पदराला हात पुसत आली.

"जा म्हणून लिहिलं."

ती उंबऱ्याशी टेकली. 

"अन् काय न्यावं, असं इचारलं व्हतं ना त्यांनी?"

"हो. ते मला..." गेणभाऊ अडखळले. "मी कुठं होतो तेव्हा."

"तुमी कोकणात खेकडं खात व्हता." ती हे रागानं म्हणाली नाही. कितीतरी वर्षांत रागही बसून गेला होता. "मला इचारा की मग."

गेणभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. पत्र वर्षभर घरात होतं. आपण पुस्तकं चाळली, वह्या फाडल्या, आणि ज्या बाईनं घर उठवलं तिला एकदाही विचारलं नाही.

"काय न्यावं?"

"चौकट न्हेऊ नका म्हनावं. मामंजींनी आनली, धा मानसं लागली उचलायला. काय उपेग झाला, ती शेळ्यांना इचारा." ती गोठ्याकडे बघत होती. "जळण न्या म्हनावं. सुकं. पयल्या सांच्याला पुरंल येवढं. आमी समदं आनलं, जातं आनलं, पाटा आनला, देव आनलं. जळण कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. हितं उघडा माळ, काटकी न्हाई. चूल मांडली अन् पेटवायला काय न्हाई. आत्याबाई गाव सोडताना रडल्या न्हाईत. थंड चुलीम्होरं बसून रडल्या. रातभर."

हे गेणभाऊंना माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं आणि सखूबाईला त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं. तिनं सांगितलं तसंच, एकही शब्द न बदलता. चौकटीचं, जात्याचं, जळणाचं. जागा संपत आली तशी अक्षरं बारीक झाली. शेवटी लिहिलं, "हे माझ्या बायकोनं सांगितलं आहे. तिचं ऐका." मग पुन्हा वाचून बघण्याच्या आत त्यांनी कडा जिभेनं ओल्या केल्या आणि पत्र चिकटवून टाकलं.

*

पोस्टाची खोली एसटीच्या थांब्यामागे होती. थांब्यावर दोन बायका घोडेगावच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. गाडी येईल की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्या भाजी निवडत बसल्या होत्या. आत रत्ना नावाची मुलगी कामाला होती. तिनं आंतर्देशीय उलटंपालटं करून पाहिलं.

"आबा, आजकाल कोन ल्हितंय व्हय पत्र? फोन लावायचा की."

"त्यांना ऐकू येत नाही."

"मंग राहू द्या." तिनं पत्ता वाचला. "खारशेत. कोकणात का? कालच मोबाईलवर दावलं बगा, तिकडं खाडीचं पानी लई आत आलंय. गाव असंच कायतरी व्हतं. नाव न्हाई ध्यानात."

गेणभाऊंनी टेबलाची कड धरली. मग सोडली.

"पावसाच्या आधी पोचेल का?"

"रस्ता चालू असला तर पोचंल."

"आणि त्या पत्त्यावर कुणी नसलं तर?"

"तर परत यीतंय. माघारी. तुमचा पत्ता घातलाय ना मागं?"

त्यांनी घातला होता. तरी पुन्हा एकदा चष्मा लावून पाहिला. नाव, डिंभे, तालुका आंबेगाव. अक्षरं ठळक होती. नखांत अजून गाळ होता आणि पत्राच्या कोपऱ्यावर चिखलाचं एक बोट उमटलं होतं. पुसायला गेलं तर पसरेल म्हणून त्यांनी तसंच राहू दिलं.

"बाहेर पेटीत टाका," रत्ना म्हणाली. "सांच्याला काढते मी."

पेटी बाहेर खांबाला होती. लाल रंग उडालेला, झाकण गंजलेलं. गेणभाऊंनी झाकण उचललं, पत्र आत सारलं आणि क्षणभर धरून ठेवलं. मग सोडलं.

पेटीत दुसरं काही नव्हतं. पत्र तळाला लागल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.